आईचं बरं

आप्पा, आज आईला सर्जापूर रोडच्या वृद्धाश्रमात ठेवून आले. हे सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

राजाजीनगरच्या आपल्या घरातून शाळेत शिकवायला निघताना तुम्ही दारात थांबायचात. "येतो गं," म्हणायचात आणि स्वयंपाकघरातून "बरं" आल्याशिवाय चपला घालायचा नाहीत. फोडणीच्या आवाजात ऐकू आलं नाही, तर पुन्हा म्हणायचात. एकदा तुमचं भांडण झालं होतं. आई बोलेना. तुम्ही पिशवी खांद्याला अडकवून तसेच उभे. शेवटी आतून आलं, "बरं! जावा की आता, पोरं खोळंबल्यात तिकडं."

त्यानंतरच्या रविवारी जेवताना तुम्ही मला सांगितलंत, हा शब्द संस्कृतातल्या 'वर'पासून आला. वर म्हणजे निवडलेलं, उत्तम. मग मराठीत उतरता उतरता नुसतं 'चालेल इतपत', एवढंच उरलं. आई भाकरी वाढत होती. म्हणाली, "सासरी आला असणार." तुम्हाला हसता हसता ठसका लागतो, ती पाण्याचा तांब्या पुढे करते, आणि मी अजून तिथेच बसलेली आहे.

मूळ तुम्ही सांगितलंत, अर्थ तिच्याकडून कळले. ताप उतरला की कपाळावर हात ठेवून म्हटलेलं बरं. गुण कमी पडले की लांबवलेलं बरं, त्याची मला भीती वाटायची. तुमच्यानंतर एचएसआर लेआउटमधल्या माझ्या फ्लॅटवर चल म्हटलं, तेव्हाचं बरं. त्यात बरं काहीच नव्हतं.

मग तिचे शब्द जायला लागले. आधी शेजारणींशी बोलायचं कन्नड गेलं, मग माणसांची नावं, मग माझं. बरं तेवढं राहिलं. जेवतेस? बरं. दुखतंय? बरं. सगळी एका सुरात. दिवसभर मी ऑफिसात, आणि घरी गॅस उघडा राहायला लागला. तिच्यासमोर बसून विचारलं, "आई, तुला दुसरीकडे ठेवू?"

"बरं."

हा होकार होता का, हे तुम्हीच सांगू शकला असता. मी पुन्हा विचारलं नाही.

तिथली खोली स्वच्छ आहे. खिडकीतून समोरचं बांधकाम दिसतं. कपडे कपाटात लावले आणि दारात येऊन म्हटलं, "येते गं आई." ती पलंगावर बसून पदराची किनार दुमडत होती. पुन्हा म्हटलं. बरं आलं नाही. चादर बदलणाऱ्या बाईंना वाटलं, मी त्यांनाच सांगतेय. "सरी अक्का, होगि बन्नी," त्या म्हणाल्या. बरं, जाऊन या.

हा कागद कुठे धाडायचा नाही. तुम्ही असता तर अजून दारातच उभे असता. मी चपला घातल्या.