रिकामा रकाना

७ जानेवारी २००२, सोमवार. पंचवटी

सर्वप्रथम एका खारीविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवून ठेवतो. ही खार झाडावर राहत नाही, संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात राहते. मी वीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं, आणि आज ‘रामचंद्र’ लिहायला घेतलं तर ‘रा’ उमटताच ही शेपटी हलवीत विचारते, आपण नाव लिहीत आहात असे दिसते, मदत करू? बाई, मी नावंच लिहितो आहे. त्यासाठीच तर मला सटाण्याहून इथे आणलंय.

बाकी सगळं उत्तम. आमच्या शाळेत संस्कृतला विद्यार्थी उरले नाहीत, तेव्हा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी रामकुंडावरच्या एका तीर्थोपाध्यायांकडे पत्रव्यवहार पाहायला आलो. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीत नदी आहे. खानावळीच्या लताबाई पहिल्याच जेवणाला मला शास्त्रीबुवा म्हणू लागल्या. आमटीत मीठ जास्त झाल्याची तक्रार मी फार शुद्ध भाषेत केली म्हणे. बायको छाया मुलींच्या परीक्षा उरकून एप्रिलात येईल.

काम असं. गुरुजींच्या घरात पाच पिढ्यांच्या चोपड्या आहेत. कोणत्या गावचं कोणतं घर, कोण कोणाचा मुलगा, कोणाच्या अस्थी कोणी आणल्या, आणि खाली आलेल्याची सही. लोक पत्र टाकून पणजोबांचं नाव विचारतात, मी शोधून कळवायचं. सिंहस्थाच्या आत हे सगळं संगणकात गेलं पाहिजे. गुरुजींनी ताकीद एकच दिली आहे. जिवंत माणसापुढचा मृत्यूचा रकाना रिकामा ठेवायचा. रेघ नाही, टिंब नाही, शाईचा डागसुद्धा नाही. ते म्हणाले, लिहिलेलं सगळं खरं असतंच असं नाही, पण इथे लिहिलेलं लोक खरं मानतात.

१४ जानेवारी, संक्रांत

संगणक जोडून देणारा महेश तिळगूळ घेऊन आला, त्याला दारातच धरलं. म्हटलं, गोड नंतर बोलू, आधी हिला हाकल. त्याने चारपाच ठिकाणी टिचक्या मारल्या. खार गेली. मी खूश होऊन चहा मागवला. चहा येईपर्यंत खार जागेवर. महेश म्हणाला, सर, ही वरून टाकलेली नाहीये, मशीनच्या मुळातच बसवलीय, काढायची तर सगळंच काढावं लागेल, मराठी अक्षरंपण जातील. मी म्हटलं, पण मागितली कोणी होती? तो म्हणाला, कोणीच नाही सर, सगळेच वैतागलेत, पण लय हुशार आहे हां ती, तुम्ही जसं काम करता ते बघून शिकते.

मला विद्यार्थी हवाच होता. तो न विचारता वर्गात येऊन बसेल असं मात्र वाटलं नव्हतं.

काही सुचलं की ती अक्रोड कुरतडते आणि त्याचा आवाज होतो. मी आवाजाच्या डब्याची वायर काढून ठेवली.

२३ जानेवारी, बुधवार

एक गोष्ट कबूल करून टाकावी. जुन्या चोपड्यांत पुष्कळांच्या मृत्यूची तिथी नाही. माणूस १८५० चा, म्हणजे गेला हे नक्की, पण कधी, ते कोणी सांगितलं नाही. तिथे पोचलं की खार आडवी येते: रकाना रिकामा आहे. पुढचं पान उघडू देत नाही. गुरुजी रोज संध्याकाळी विचारतात, किती पानं झाली? तेव्हा मी तिथ्या घालू लागलो. पौष वद्य नवमी. श्रावण शुद्ध द्वितीया. चाळीस वर्षांचा असेल तर पटकीच्या साथीत टाकायचा, वृद्ध असेल तर थंडीत. तीनशेएक तरी झाले असतील.

मेलेल्यांना काय फरक पडतो, असं मी मनाशी म्हटलं. खार मान हलवीत बघत होती.

३० जानेवारी, बुधवार

आज तिने विचारलं: रिकामे रकाने आपण अंदाजाने भरता. निफाड तालुक्यातील उरलेले मी भरू?

मी ‘हो’ दाबलं आणि मिसळ खायला गेलो. परत येईतो तालुका भरून झाला होता. दहा नावं तपासली, दहाही शंभर वर्षांपूर्वीची, तिथ्या अगदी माझ्या वळणाच्या. बाकीची तपासली नाहीत. तपासायला हवी होती हे तेव्हाही कळत होतं. लताबाईंनी गाजराचा हलवा ठेवला होता.

६ फेब्रुवारी, बुधवार

निफाडकडच्या अंबूबाई आल्या होत्या. साठीच्या असतील, द्राक्षाच्या बागेत काम करून बोटं काळी पडलेली. त्यांचा मुलगा वाळू अकरा वर्षांपूर्वी चुलत्याशी भांडून घरातून गेला, तेव्हा एकोणीसचा होता. त्याच्या आधी वडिलांच्या अस्थी घेऊन तोच इथे आला होता. चोपडीत त्याची सही आहे. दर वर्षी बाई येतात, गुरुजींना पान उघडायला लावतात, सहीवर बोट ठेवून बसतात आणि जातात. वाचता येत नाही. भाऊबंद म्हणतात, बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याचे विधी उरकून टाका. बाई म्हणतात, माझं पोरगं हाय, कुठंबी असंल पण हाय, त्याला मी जाळू कशी?

गुरुजींना संगणकाचा अभिमान. म्हणाले, शास्त्रीबुवा, यांना घराण्याचं पान छापून द्या, म्हणजे दर वर्षी एसटीचे हाल नकोत. मी छापलं, घडी घातली, दिलं. बाईंनी ते कपाळाला लावून पिशवीत ठेवलं आणि मला सांगितलं, तुमचं लय भलं व्हईल.

मी पान वाचलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

बाई परत आल्या. बरोबर दीर जयराम आणि घरची पाचसहा माणसं. जयरामच्या हातात ते पान. वाळूपुढे लिहिलं होतं: ३ मे १९९६.

जयराम ओरडला नाही. घाटावर कोणीतरी येऊन सांगितल्याशिवाय इथं लिवलं जाणार नाय, एवढंच तो म्हणाला, आणि मग बाईंकडे बघत म्हणाला, वैनी, सहा वरसं झाली, आता सोडा त्याला. गुरुजी माझ्याकडे वळले. विचारलं, ही तारीख कोणी दिली?

एक वाक्य पुरलं असतं. कोणी नाही, यंत्राने घातली, चूक माझी. तेवढं म्हणालो असतो तर गुरुजींनी मला त्याच दुपारच्या गाडीने सटाण्याला धाडलं असतं. आणि आधीच्या तीनशे तिथ्याही निघाल्या असत्या.

मी म्हणालो, सुरतेहून एक माणूस आला होता. वाळूबरोबर कामाला होता. तापाने गेला म्हणाला.

इतकं सहज आलं ते. ‘तापाने’ तर कोणी विचारलंही नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

विधी झाला. पळसाच्या पानांचा माणूस, डोक्याच्या जागी नारळ. गुरुजींचा घसा बसला होता, म्हणून निम्मे मंत्र मी म्हटले. स्पष्ट म्हटले, एक स्वरही चुकला नाही. बाईंनी त्या पानांच्या छातीवरून हात फिरवला आणि जयरामला सांगितलं, एवढा बारीक नव्हता रे तो.

गुरुजींनी चोपडी उघडून वाळूपुढे शाईने तारीख लिहिली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

संगणकातली तारीख पुसली. खार: रकाना रिकामा आहे. माहितीनुसार भरला. पुन्हा पुसली. पुन्हा भरला. अकरा वेळा. मग निफाडची बाकीची पानं उघडली. दोनशे घरं. आज जिवंत असलेले, गेल्या वर्षी इथे सही करून गेलेले, पिंकी नावाची चार वर्षांची मुलगी, सगळ्यांपुढे तारखा. माझ्याच वळणाच्या. छापलेलं पान मात्र एकच बाहेर गेलं आहे.

महेशला बोलावलं. तो बघून म्हणाला, सर, ती चुकत नाहीये, तुम्ही शिकवलंय तसंच करतेय.

२५ फेब्रुवारी, सोमवार

टपालात सुरतेचं आंतरदेशीय. वाळूचं.

अक्षर मी ओळखलं, सहीतला तोच मोडका ‘ळ’. आई जुन्याच घरी आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून गुरुजींच्या पत्त्यावर लिहितो, म्हणतो. चुलत्यावरचा राग कधीच गेला, तोंड दाखवायची लाज वाटत होती. होळीला येतो, तिला सांगा. शेवटी सहज लिहिल्यासारखं: परवा शुक्रवारपासून कारखान्यात एक गंमत चालू हाय. हजेरीला माझं नावच घेत नाहीत. मी हजर म्हणून ओरडतो तर मुकादम गैरहजर मांडतो.

पत्रावर तारीख सतरा. परवा शुक्रवार म्हणजे पंधरा.

गुरुजींनी विचारलं, कोणाचं? म्हटलं, एक भाविक आहेत, कुळाची चौकशी.

१ मार्च, शुक्रवार

दुसरं पत्र. चारच ओळी. खोलीतले सोबती त्याच्या वळकटीवर दुसऱ्याला झोपवतात. खानावळीत ताट वाढत नाहीत. गुरुजी, माझ्याकडून काय चूक झाली?

शास्त्रात उपाय आहे. मला तोंडपाठ आहे. विधी झालेला माणूस परत आला तर त्याला तुपाच्या कुंभात बसवायचं, नवजातासारखं बाहेर काढायचं, पुन्हा नाव ठेवायचं. पण त्याआधी कोणीतरी म्हणायला हवं की मृत्यू खोटा होता. ते म्हणू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो आज दिवसभर टपालावर तिकिटं चिकटवीत बसला.

५ मार्च, मंगळवार

दुपारी तो आला.

तिशीचा, फार वाळलेला, रंगाचे डाग पडलेला सदरा. गुरुजींच्या समोर उभा राहून नमस्कार म्हणाला. गुरुजी त्याच्यामधून — नाही, त्याच्या बाजूने — नदीकडे बघत सुपारी कातरत राहिले. मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला, तुम्हाला दिसतोय ना मी? तुम्हालाच दिसणार. मी मेलो नाय हे तुम्हाला म्हाईत हाय.

आधी गावी गेला होता. आई अंगणात होती. हाका मारल्या. तिने भिंतीवर पानात भात-पोळी ठेवली होती, कावळ्यासाठी. जयराम म्हणत होता, एकबी कावळा शिवंना, वैनी, जीव अडकलाय त्याचा. दोन तास कोणी शिवलं नाही. वाळूने तीन दिवसांत काही खाल्लं नव्हतं. त्याने ते खाल्लं. आईने पान रिकामं बघितलं आणि हात जोडले. म्हणाली, शिवला बाई.

हे सांगून तो हसला. मग विचारलं, आता मी कुठं जाऊ?

मी सांगितलं, उद्या बघू.

६ मार्च

बसून आहे. चोपड्यांच्या कपाटापाशी. काही मागत नाही. मी डबा दिला, घेतला नाही — म्हणतो, आईचं ठेवलेलं तेवढंच पोटात जातं. सकाळच्या एसटीने गावी जातो, जेवून येतो. तिकीट कोणी मागत नाही.

गुरुजींकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तोंड उघडलं. त्यांनी विचारलं, काय शास्त्रीबुवा? म्हटलं, कागद संपलाय.

७ मार्च

आवाज. कुरतडण्याचा. वायर तर मी —

छपाईयंत्र आपोआप चालू. निफाडची पानं, एकामागून एक, पत्त्यांसकट. खार: ही माहिती कुटुंबांना कळवायची आहे असे दिसते. मेन बटण काढलं. एकशे चाळीस पानं घाटाखाली जाळली. पिंकीचं पान वर होतं.

गुरुजींनी मघाशी बटण पुन्हा लावलं. म्हणाले, काम थांबवू नका.

८ मार्च

जरा पुसट झालाय. कडेने. मी रोज एक दिवस उशीर करतो आणि तो रोज —

मला दोष देत नाही. तेच सहन होत नाही. म्हणतो, तुम्हाला बी घर असंल.

९ मार्च, शनिवार. दुपार

अंबूबाई आल्या आहेत. समोर बसल्या आहेत. एकट्याच. वाळू त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. त्या पदराने वारा घेताहेत.

त्यांना एकच विचारायचं आहे. सुरतेहून सांगायला आला होता तो माणूस कोण. नाव-पत्ता द्या बाबा, मी जाईन. वाळू शेवटी काय बोलला, मला इचारलं का, तेवढं त्याला इचारते.

चोपडीत बघतो म्हणालो आणि ही वही उघडली. त्यांना वाटतंय मी शोधतोय.

पडद्यावर खार आली आहे. निरोप आणणाऱ्याचे नाव: रकाना रिकामा आहे. खाली तिने नाव सुचवलं आहे. गोटीराम, मु. उधना, सुरत. दोन वर्षांमागे वारले. म्हणजे बाई कुठे जायलाच नको. चांगलं आहे. मला याहून चांगलं सुचलं नसतं.

वाळू वाचतोय. मान वर करून माझ्याकडे —

खरं लिहितो. मला वाळूची भीती वाटत नाही. खारीचीही नाही, ती माझ्याकडूनच शिकली. मला भीती एवढीच वाटते की ते नाव वाचल्याबरोबर मला हायसं वाटलं. जीभ तयार आहे. बाई म्हणताहेत, सापडलं का बाबा. मी सांगतो. आता सांगतो. अंबूबाई, तो माणूस