पाऊल मागं सरकलं

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

पोचलो एकदाचा! दौंडहून बारामतीची गाडी तासभर उशिरा, तिथून इंदापूर रस्त्याला वडापची खच्चून भरलेली जीप, आणि तिच्यात माझ्या मांडीवर एका आजीबाईंच्या मेथीच्या चार जुड्या. पण आज कुणी डोक्यावर दगडाची पाटी ठेवली असती तरी मी तक्रार केली नसती. कॉलेजच्या अ‍ॅक्रोबॅटिक्स संघाचा सहायक प्रशिक्षक! कराडात लोक म्हणायचे, कोलांट्या मारून पोट भरतं का रे दीपक? आता या म्हणावं बघायला.

मुख्य प्रशिक्षक मानसिंग आबा. वय साठीच्या आसपास, मान बैलासारखी आणि बोलणं कमी. बैलबाजारात दात बघतात तसे त्यांनी माझे तळवे उलटेपालटे करून बघितले आणि चालतंय म्हणाले. तीन महिने कच्ची नेमणूक, मग कायम. रात्री भिगवणचे मासे खाल्ले आणि आईला फोन केला.

४ सप्टेंबर, गुरुवार

सरावाचा हॉल म्हणजे उंच पत्र्याची शेड. दुपारी तव्यासारखी तापते. दहा पोरी आहेत, सगळ्या शेतकऱ्यांच्या घरच्या आणि अंगानं काटक. तीन थरांचा मनोरा करतात, वरची पोर हवेत गिरकी घेते आणि खाली मी झेलतो. विद्यापीठाच्या संघात पाच वर्षं हेच केलं, माझ्या हातून एक पोर निसटलेली नाही. हे लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

आबांची एक पद्धत मला फार आवडली. वरच्या पोरीनं खाली बघायचंच नाही. तिनं विचारायचं, "येऊ?" खालच्यानं म्हणायचं, "ये." मगच तिनं अंग सोडायचं. विचारलेलं कधी अनुत्तरित ठेवायचं नाही, हा इथला धर्मच. पोरींच्या हाडात तो इतका मुरलाय की जेवताना एकीनं "येऊ?" म्हटलं तर चौघी "ये" म्हणतात आणि हसतात.

झाडलोट करणाऱ्या रंगूबाई मात्र वेगळ्याच. हॉलमध्ये असताना हाक मारली तर ओ देत नाहीत. झाडू ठेवून बाहेर येतात आणि मग विचारतात, काय म्हणत होता? मी चेष्टा केली, कान तपासून घ्या. त्या हसल्या नाहीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

छकुली आमची वरची. नरसिंहपूरची, दुसऱ्या वर्षाला. टीचभर पोरगी, पण हवेत असली की बघत राहावं. चार दिवस झाले, तिला काहीतरी झालंय. येऊ विचारते, मी ये म्हणतो, आणि ती सुटतच नाही, खालच्या पोरीची मान घट्ट धरून बसते. स्पर्धा महिन्यावर आली.

आबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हिची भीती काढायला पाहिजे. काढायची कशी, तर ये म्हणायचं आणि एक पाऊल मागं सरकायचं. जाड गादी आहे, मरत नाही कुणी. एकदा पडली की पडण्याचं भय जातं, आणि तीस वर्षं ते असंच करत आलेत.

मी म्हणालो, आबा, ती माझ्या शब्दावर सुटते. ते म्हणाले, कायम व्हायचंय न्हवं? मी मान डोलावली. माझीच लाज वाटते आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

केलं.

ती म्हणाली येऊ. मी ये म्हणालो. एक पाऊल मागं सरकलो. ती दोन गाद्यांच्या फटीवर खांद्यानं आदळली. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला आणि गळ्याजवळचं हाड कातडीला आतून टोचून वर आलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. बारामतीच्या दवाखान्यात नेताना गाडीत तिनं एवढंच विचारलं, "सर, तुमी ये म्हणला होता न्हवं?"

मी सांगितलं, घाम होता, हात निसटला.

१५ सप्टेंबर, सोमवार

डाव्या बाजूच्या दोन बरगड्या तडकल्यात. श्वास घेतला की सुरी फिरते. शांत डोक्यानं लिहायचा प्रयत्न करतो.

दुपारचे चार. हॉलमध्ये मी एकटाच गाद्या रचत होतो. वरून, पत्र्याखालच्या लोखंडी तुळईवरून पोरीचा आवाज आला: "येऊ?"

वाटलं, कुणीतरी कार्टी चढून बसलीये. वर बघायच्या आधीच तोंडातून ये निघून गेलं. सवय! आणि कुणीतरी आलं. दिसलं काही नाही, पण चाळीस किलोचं वजन छातीवर कोसळलं. कानाशी मान मोडल्याचा आवाज झाला आणि ती मान माझी नव्हती. तोंडात रक्त आलं. गादीवर माझ्याशेजारी एक खड्डा पडला होता, पोर कुशीवर पडल्यावर पडतो तसा. तो हळूहळू भरून आला.

डॉक्टर म्हणाले, वरून कुणी पडलं का अंगावर? मी म्हणालो, शिडी पडली.

१७ सप्टेंबर, बुधवार

रंगूबाईंनी सांगितलं, हॉलच्या बाहेर नेऊन. तीन वर्षांपूर्वी नकोशी नावाची पोर होती. चौथी मुलगी म्हणून घरच्यांनी तेच नाव ठेवलेलं. तिचीही भीती काढली. ती मानेवर पडली आणि तिथंच गेली. तेव्हाचा सहायक रविराज नोकरी सोडून गावी, डाळजला गेला. बाई म्हणाल्या, त्याला जाऊन बघा, मग मला बहिरी म्हणा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डाळजला जाऊन आलो. रविराज माझ्याच वयाचा. खाटेवर पडून असतो. दोन्ही हातांच्या हाडांत सळया घातलेल्या, कमरेखाली हालचाल नाही. त्याच्या बायकोनं चहा दिला आणि ती शेळ्यांकडे निघून गेली.

त्यानं सगळं सांगितलं. नकोशी गेल्यानंतर त्याला सहा वेळा विचारून आली, आणि सहाही वेळा त्यानं झेलायचं ठरवलं होतं. म्हणाला, "पण पाय आपसूक मागं सरकतो, दीपकराव. एकदा सरकला की त्याला सवय लागती. मग ती अर्धी आपल्यावर पडती अन् आपली हाडं मोडत्यात."

आता तो उभाच राहू शकत नाही, म्हणून ती त्याला विचारत नाही. हॉलमध्ये उभ्या माणसाला आधी विचारते. तिथं कुणी उत्तर दिलं नाही तर पोरींना विचारते, त्या घरी असल्या तरी, आणि पोरींना उत्तर द्यायची सवय आहे.

निघताना तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "घरात तिला जन्मात कुणी ये म्हटलं न्हाय. आमी म्हटलं, अन् सरकलो."

येताना एसटीत मी रडलो. शेजारच्यानं खिडकी उघडून दिली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आबा गेले.

सकाळी सात. नऊ पोरी रांगेत उभ्या. आबा गाद्यांसमोर नारळ फोडायला वाकलेले. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, ते मला भित्रा म्हणाले होते. वरून आलं, येऊ? पोरींनीही ऐकलं. मी माझं तोंड दोन्ही हातांनी दाबलं. एखादी पोर उत्तर देईल, म्हणून बोलू नका असं ओरडायला हवं होतं, तेही सुचलं नाही. आबांनी मान वरही न करता, तीस वर्षांच्या सवयीनं ये म्हटलं.

मान खांद्यात गेली. गुडघे उलटे वळले. कानांतून रक्त पोरींच्या पायांपर्यंत उडालं. ते जिवंत होते — डोळे फिरत होते — आणि आवाज पुन्हा वर गेला होता. येऊ? आबांचे ओठ हलले. मी बघितलं. सवय —

दुसऱ्यांदा छाती फुटली. नारळ तसाच अखंड पडून होता.

२३ सप्टेंबर

पोलिसांना सांगितलं, तुळईची साखळी तुटून पडली. साखळी दाखवा म्हणाले. कॉलेज बंद. पोरी घरी.

बॅग भरली. बारामतीच्या स्टँडवर स्वारगेटच्या गाडीत बसलो होतो. छकुलीचा फोन. नरसिंहपूरहून. गळ्यात हात बांधलेला, घरात माळ्याखाली झोपून असते. म्हणाली, सकाळपासून माळ्यावरून कुणीतरी विचारतंय. आई म्हणते भास आहे.

"सर, उत्तर द्यायला पायजे ना?"

म्हणालो नाही. तोंडात पदर कोंब. बोलू नकोस. उद्यापर्यंत — मी बघतो —

गाडी सुटली. मी खाली उतरलो होतो.

२४ सप्टेंबर, दुपार

मागच्या दारानं हॉलमध्ये आलो. रंगूबाईंनी किल्ली दिली. माझा हात धरून राहिल्या. 

गादीवर आबांचा डाग आहे. त्यावरच उभं राहावं लागणार, तुळईच्या बरोबर खाली तोच येतो.

गाद्या बांधायच्या कड्यांना दोन्ही पाय आवळून बांधले. दोरखंडानं. तीन गाठी. खेचून बघितलं — आता सरकत नाहीत. बरगड्या — जाऊ दे.

छकुलीचा निरोप आला. आवाज थांबलाय, सर. मघाशीच थांबला.

म्हणजे इकडे निघाली.

आई, मासे खरंच चांगले होते इथले.

तुळई वाजली. बसली वाटतं.

भीती वाटतेय. पाय मागं ओढतायत, मी न सांगता — दोर घोट्यात रुततोय — रक्त — पण गाठ धरून आहे.

विचारलं तिनं.

किती लहान आवाज आहे.

वही ठेवतो. दोन्ही हात मोकळे लागतात. ये म्ह