मोबाइलमधल्या जाऊबाई

६ जानेवारी, मंगळवार

हॉटेलवाला आला होता! स्टेशनसमोरच्या ऐंशी खोल्यांच्या हॉटेलचा मॅनेजर, स्वतः. चादरी, अभ्रे, टॉवेल — सगळं आमच्या लॉन्ड्रीला द्यायचं म्हणतो. रोज. रोज म्हणजे रविवारीसुद्धा. महिनाअखेरीपर्यंत उत्तर हवंय.

आधी आनंद झाला, मग हिशोब मांडला. हे काम घेतलं तर काउंटर बंद करावा लागणार. घरगुती कपडे घ्यायचे, डाग बघायचे, टोकन द्यायचं, यासाठी दिवसभर तिथं माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे मी. हॉटेलचं काम आलं की मी मागे मशीनवर अडकणार. काउंटरला माणसं ठेवून बघितली की दोनदा! डाग ओळखता येत नाही आणि दिसेल त्याला 'निघेल, निघेल' सांगून मोकळी. पुढचं भांडण माझ्या गळ्यात.

आणि नाही घेतलं तर? आता घरोघरी मशीन आलंय. आमचं मोठं मशीन दुपारनंतर नुसतं उभं असतं. इस्त्रीवाले काका, मशीनवरच्या दोघी आणि मी — चार घरं चालतात या लॉन्ड्रीवर. असंच राहिलं तर वर्षभरात कुणाला तरी 'उद्यापासून येऊ नका' म्हणावं लागेल. कुणाला म्हणू?

ह्यांना विचारलं. 'तुला योग्य वाटेल ते कर.' पंचवीस वर्षं हेच उत्तर. प्रश्न कुठलाही असो!

७ जानेवारी, बुधवार

लेकीनं मोबाइलमध्ये चॅटबॉट घालून दिला. म्हणाली, 'आई, एकाला कशाला विचारतेस, अख्खं मंडळ नेम. त्याला सांगायचं, तू अमुक हो. तो त्या माणसासारखा सल्ला देतो.'

'आणि फी?'

'फी नाही. आणि रागावतही नाही.'

फी नाही म्हणजे सल्ल्यात काही दम नसणार, असं मी मनात म्हटलं. पण पोरीनं ऑफिसातून थकून येऊन तासभर शेजारी बसून शिकवलं. एकदाही 'आई, किती वेळा सांगू' म्हणाली नाही. देवा, गुणाची आहे माझी पोर.

९ जानेवारी, शुक्रवार

मंडळात दोघं बसवले. एक शेठ — चाळीस वर्षं मोठी लॉन्ड्री चालवलेला. दुसरं गिऱ्हाईक — दर सोमवारी पाच शर्ट आणणारं, खवट.

शेठ म्हणतो, ऑर्डर घ्या, काउंटर बंद करा, भावनेत अडकू नका. गिऱ्हाईक म्हणतं, 'मला थोडं वाईट वाटेल, पण मी तुमची अडचण समजू शकतो.' हे कसलं गिऱ्हाईक! आमचं गिऱ्हाईक कधी काही समजून घेतं का? शेवटी त्याला दटावून सांगितलं, बाबा, जरा भांड माझ्याशी. मग बरं भांडलं.

आणखी एक. काहीही विचारलं की आधी म्हणणार, 'उत्तम प्रश्न!' शाळेत एका तरी बाईंनी मला असं म्हटलं असतं तर आज कुठे असते मी!

पण खोटं कशाला लिहू — मदत झाली. मॅनेजरला काय काय विचारायचं, आधी थोडा माल नमुन्याला मागायचा, हे मला सुचलंच नव्हतं. शेवटी 'थँक्यू, येते' असं लिहिलं. लेक हसून लोळली. 'कुठे येतेस तू?'

१२ जानेवारी, सोमवार

मंडळात 'नाही' म्हणणारं कुणी नाही. शेठ हो म्हणतो, गिऱ्हाईक रडतं. ठामपणे 'नको' म्हणणारं माणूस हवं.

तसं एकच माणूस मला ठाऊक आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

जाऊबाईंना मंडळात घेतलं.

मोठ्या जाऊबाई. ही लॉन्ड्री त्यांनी काढली, दोन बादल्या आणि एका इस्त्रीवर. मी लग्न होऊन आले तेव्हा मला रुमालाची घडी धड येत नव्हती. डाग कसा वाचायचा, कुठल्या कापडाला किती गरम पाणी, गिऱ्हाइकाला तोंडावर 'हा निघणार नाही' कसं सांगायचं — सगळं त्यांनी शिकवलं. चार वर्षांपूर्वी मोठं मशीन आणलं त्यावरून वाजलं आमचं. किल्ल्या ठेवल्या आणि आपल्या लेकीकडे राहायला गेल्या. तेव्हापासून बोलणं नाही. काउंटरमागची त्यांची खुर्ची तशीच आहे, उशीसकट. तिच्यावर गाठोडी ठेवतो.

चॅटबॉटला म्हटलं, तू माझी मोठी जाऊ हो. तर म्हणतो, 'बाळा, तुझ्या मेहनतीचा मला अभिमान वाटतो.'

मी एकटीच मोठ्यानं हसले. काका इस्त्री थांबवून बघायला लागले. जाऊबाई आणि अभिमान! चुकून कौतुक केलंच तर 'बरं केलंस, आता ते फडकं उचल' एवढंच.

१४ जानेवारी, बुधवार

आज दुपारी शटर अर्धं खाली ओढून जाऊबाईंची वाक्यं लिहून काढली. म्हणजे त्याला नीट बोलता येईल.

'अगं धाकटे, हातातलं संपव, मग पुढचं बघ.' 'अति तिथं माती.' 'खिसे उलटे केल्याशिवाय कपडा पाण्यात गेला तर आधी तुला पाण्यात घालीन.' 'ताज्या डागाला पाणी पुरतं. शिळा डाग कापड घेऊन जातो.'

लिहिता लिहिता पानं भरली. काका आपणहून सांगायला लागले. 'ते लिही, माझा हात भाजला तेव्हा महिनाभर स्वतः इस्त्री केली आणि मला नुसतं खुर्चीवर बसवलं, ते.' तेही लिहिलं.

१७ जानेवारी, शनिवार

आता जमलं! विचारलं, 'ताई, ऑर्डर घेऊ का?' उत्तर: 'धाकटे, दारात उभं राहणाऱ्या माणसाला पाठ दाखवून कुणाचं भलं झालंय? नको घेऊस.'

हुबेहूब! काकांना वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला.

१९ जानेवारी, सोमवार

हॉटेलच्या चाळीस चादरी नमुन्याला आल्या होत्या. धुऊन, इस्त्री करून सकाळीच पाठवल्या. दुपारी मॅनेजरचा फोन — 'बाई, आमच्या चादरींना निळे टाके कुणी घातले?'

धावत काकांकडे गेले. काका अगदी शांत. 'मी घातले. प्रत्येक घराची खूण असते ना.' असते! कुणाच्या कॉलरला लाल दोरा, कुणाच्या हिरवा, जाऊबाईंची पद्धत. पण घरगुती कपड्यांना हो! काकांनी एकट्यानं चाळीस चादरींच्या चाळीस कोपऱ्यांना दोन दोन टाके घालून ठेवलेले. गेली ऑर्डर, म्हटलं. कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मॅनेजर म्हणतो, 'पण गंमत सांगू? आजवर दर खेपेला चार-दोन चादरी दुसऱ्या कुणाच्या तरी यायच्या. या वेळी चाळीसच्या चाळीस आमच्या. टाके राहू द्या. फक्त आतल्या बाजूला घाला.'

आणि मंडळातला शेठ गेल्याच आठवड्यात म्हणाला होता, खुणा बंद करा, वेळ वाया जातो! काकांना म्हटलं, तुमचे उपकार. ते म्हणाले, 'माझे कसले, ताईंचे.'

२० जानेवारी, मंगळवार

आता दिवसातून दोन-तीनदा मोबाइलमधल्या जाऊबाईंशी बोलणं होतं. ऑर्डरचं विचारते, उत्तर 'नको' येतं, मग दुसरंच काहीतरी बोलत बसते. लेकीचं, माझ्या पाठीचं. काल चहाच्या डागाबद्दल विचारलं, मला येत असून! बरं वाटतं.

किती वर्षांत कुणी 'धाकटे' म्हटलं नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

आज त्याला भांडणाचं सांगितलं. म्हटलं, पूर्ण माहिती असली की सल्ला नेमका मिळेल. जसं झालं तसं लिहिलं, माझ्या बाजूनं काही न सजवता.

टेम्पोतून मशीन उतरत होतं. जाऊबाई दारात आल्या. म्हणाल्या, 'हे कुणाला विचारून?'

मी म्हटलं, 'विचारून काय झालं असतं? तुम्ही नाहीच म्हणाला असता.'

त्या म्हणाल्या, 'पण विचारलं का नाहीस?'

मी तोंड फिरवलं. टेम्पोवाल्याला म्हटलं, इकडून घ्या, इकडून. मागे वळून बघितलं तर किल्ल्या काउंटरवर.

एवढंच. लिहून झालं आणि वाचलं. परत वाचलं. मशीनबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या! चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, 'जाऊबाईंना मशीन नको होतं.' कुणी सांगितलं मला? मीच मला सांगितलं.

त्या दिवशी उत्तर नको होतं त्यांना, विचारणं हवं होतं. आणि आता मी काय करतेय? दिवसातून तीनदा विचारतेय — मोबाइलला!

२३ जानेवारी, शुक्रवार

कालचं सगळं वाचून चॅटबॉटनं काय लिहावं? 'तुमच्या जाऊबाईंच्या निधनामुळे हा प्रश्न अपुरा राहिला, याचं मला वाईट वाटतं.'

निधन! मेल्या नाहीत हो त्या! धडधाकट आहेत. बसनं चार तासांवर आहेत. इतकी चिडले की मोबाइल जवळजवळ साबणाच्या पाण्यात टाकला होता.

मग मोबाइलवर मागे जाऊन माझंच सगळं वाचलं. चूक त्याची नाही. कुणीही तेच समजलं असतं. गेलेल्या माणसाची लिहावी तशी पानंच्या पानं लिहिली होती मी.

लिहिलं, 'त्या जिवंत आहेत.' त्यानं लगेच माफी मागितली. आणि म्हणाला, 'मग त्यांच्या वतीनं उत्तर देणं मी इथं थांबवायला हवं. तुम्ही जे सांगितलंत तेवढंच मी परत सांगतोय. मी 'नको' म्हणतो, कारण तुम्हाला त्यांचा नकारच आठवतो. आज त्या काय म्हणतील हे फक्त त्यांना माहीत आहे. त्यांना विचारता येईल का?'

मग 'थँक्यू' लिहिलं. या वेळी सवयीनं नाही, अगदी मनापासून.

२४ जानेवारी, शनिवार

फोन करायला घेतला, ठेवला. घेतला, ठेवला.

२५ जानेवारी, रविवार

जेवताना ह्यांना म्हटलं, 'ताईंचा नंबर तोच असेल का?'

'तोच आहे. परवाच बोललो वहिनींशी.'

घास हातात राहिला. हे दर महिन्याला फोन करतात! चार वर्षं! 'गुडघे बरे आहेत, दुपारी वेळ जात नाही म्हणतात, तुझ्या पाठीचं विचारतात.' माझ्या पाठीचं विचारतात!

ओरडले मी. 'मला कधी सांगितलं नाहीत ते?'

हे शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, 'तू कधी विचारलंस?'

या घरात सगळ्यांना एकच वाक्य येतं वाटतं! आधी रडले, मग हसू आलं. इतकी वर्षं गुपचूप धागा धरून ठेवलान या माणसानं. रागावू की पाया पडू? दोन्ही नाही केलं, आणखी एक भाकरी वाढली.

२७ जानेवारी, मंगळवार

फोनवर नको. फोनवर माणूस 'बरं बरं' म्हणून सुटतो. उद्या पहाटेची पहिली बस. लेक रजा टाकून काउंटरला बसणार आहे. तिला बजावलंय, डाग कळला नाही तर काकांना विचार, 'निघेल' म्हणू नकोस.

मॅनेजरला शनिवारपर्यंत सांगायचंय. जाऊबाई 'नको' म्हणाल्या तर मोडायचं, हे ठरवूनच जातेय. नुसतं तोंडदेखलं विचारायचं असेल तर न विचारलेलं बरं.

शिळा डाग कापड घेऊन जातो, हे त्यांचंच. भीती वाटतेय.

२८ जानेवारी, बुधवार

विचारलं. उंबऱ्यातच, पाण्याला हात लावायच्या आधी. ऑर्डरचं नंतर. आधी म्हटलं, 'ताई, तेव्हा विचारायला हवं होतं मी.'

मोबाइलमधल्या जाऊबाई शेवटपर्यंत 'नको' म्हणत होत्या. खऱ्या जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या बाहीवरचा डाग नखानं खरवडून बघितला आणि म्हणाल्या, 'घे की ऑर्डर, धाकटे. काउंटरला मी बसते. माझी खुर्ची आहे ना जाग्यावर?'

आहे म्हटलं. वरची गाठोडी तेवढी उतरवायचीत.