तिसऱ्या बंदराचे सात तास

११ जानेवारी, रविवार

ठरलं! आठ दिवसांची जहाजाची सहल, एक मार्चला निघायचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून जाऊ या, असं यांना सांगितलं. खरं कारण फक्त इथे लिहिते. हे जहाज पाचव्या दिवशी ज्या तिसऱ्या बंदराला लागतं, त्या गावात ढब्या राहतो. सकाळी आठला लागतं, दुपारी तीनला सुटतं. सात तास.

एकुलता एक मुलगा, आणि सहा वर्षांत त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

सहलीच्या ऑफिसात सहा-सात पत्रकं मांडली होती. तिथली बाई विचारत होती, "तुम्हाला बेटं आवडतील की जुनी शहरं?" मी एका पत्रकावर बोट ठेवलं. हीच. "हीच का?" म्हणाली. काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, जहाजाचा पांढरा रंग छान आहे. ती हसली. सगळीच पांढरी असतात म्हणे. मला काय माहीत!

यांनी कराराची बावीस पानं अथपासून इतिपर्यंत वाचली. जन्म छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेला, निवृत्त झाले तरी लाल पेन खिशातच. चार चुका काढल्या. "सातवं कलम बघ. हवा बिघडली तर कुठलंही बंदर गाळू शकतात, आणि आपण तक्रार करायची नाही." मी म्हटलं, चांगल्या कामाच्या आधी कशाला अभद्र बोलता?

१५ जानेवारी, गुरुवार

हे फिरायला गेल्यावर ढब्याला फोन केला.

"बघतो आई."

बघतो नको, हो म्हण, म्हटलं. मग म्हणाला, "अगं हो. येतो धक्क्यावर. बाबांना माहितीये का?"

नाही, म्हटलं.

"मग सांगूच नकोस."

किती अवघड झालंय सगळं. याच दोघांनी कधी एका ताटलीतून बिस्किटं खाल्ली होती. यांनीच त्याला छापखान्यात चिकटवला. दोन वर्षं बापलेक एकाच सायकलवरून कामाला जायचे. मग ते शाळेचं भूगोलाचं पुस्तक आलं, एक अख्खा भाग उलटासुलटा छापला गेला, नऊ हजार प्रती. यांनी भर छापखान्यात, सगळ्यांच्या देखत त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो त्याच पावली घरी आला, बॅग भरली. हे दारातून म्हणाले, "मी मेलो असं समज." तो म्हणाला, "समजलो." आणि मी दोघांच्या मध्ये हातात कात्री घेऊन उभी, समोरच्यांची पँट आखूड करायला घेतली होती. कोणाला दोष देणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

८ फेब्रुवारी, रविवार

शर्ट कापला ढब्यासाठी. निळा, बारीक रेघांचा. मापाच्या वहीत त्याचं शेवटचं माप सहा वर्षांपूर्वीचं. छाती अडतीस, खांदा साडेसतरा. आता सुटला असेल की वाळला असेल? फोनमध्ये आवाजावरून माप घेता येत नाही. शिवणीत दोन्ही बाजूंना भरपूर मार्जिन ठेवलं. उतरल्यावर उसवून सैल करता येईल, सुई-दोरा पर्समध्ये घेतेच.

"कोणाचा शर्ट?" हे. "गिऱ्हाइकाचा." शर्टाकडे एकदा बघून आत गेले.

१ मार्च, रविवार

जहाजावर! आमची गल्ली उभी करून ठेवली तरी जहाज वर उरेल. खोली मात्र आमच्या न्हाणीघरापेक्षा जेमतेम मोठी. एक गोल खिडकी, दोन पलंग, मध्ये एवढीशी वाट. एकाने कपडे बदलायचे तर दुसऱ्याने पलंगावर पाय घेऊन बसायचं. चाळीस वर्षांच्या संसाराची खरी परीक्षा इथे!

निघण्याआधी सगळ्यांना भोंगा वाजवून डेकवर उभं केलं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते शिकवलं. यांनी जाकिटावरच्या सूचनेतली एक चूक तिथल्या अधिकाऱ्याला दाखवली. बिचारा म्हणाला, "धन्यवाद, कळवतो."

२ मार्च, सोमवार

जेवणाला टेबल नेमून दिलेलं असतं, आठवडाभर त्याच माणसांबरोबर. आमच्या नशिबी एक दंतवैद्य आणि त्यांची बायको. बाईंची ही चौदावी सहल. पहिल्याच जेवणाला आम्हा अडाण्यांची शिकवणी सुरू झाली. पोहण्याच्या तलावाशी खुर्चीवर टॉवेल टाकून ती अडवून ठेवायची नाही. बुफेत हात धुतल्याशिवाय चमच्याला शिवायचं नाही. लिफ्टमध्ये आधी बाहेरच्यांना येऊ द्यायचं. "आणि बंदर चुकलं तर कर्मचाऱ्यांवर ओरडायचं नाही. ते सगळ्यात वाईट दिसतं."

मी मान डोलावली. दंतवैद्य माझ्या दातांकडेच बघून बोलतात, त्यामुळे मी तोंड मिटूनच हसते. पण माणसं वाईट नाहीत. आज संध्याकाळी औपचारिक जेवणाला बाईंच्या गाऊनची शिवण काखेत उसवली होती. तिथल्या तिथे टाके घालून दिले. तेव्हापासून मला "ताई" म्हणतात.

३ मार्च, मंगळवार

पहिलं बंदर. किल्ला पाहिला. पाय दुखले. ढब्याला भेटायला दोन दिवस राहिले.

४ मार्च, बुधवार

दुसरं बंदर. सगळे बाजारात गेले. मी धक्क्यावरच्या एका बाकावर बसून बघत राहिले, जहाजातून उतरणारी माणसं बाहेर उभ्या असलेल्यांना कशी दिसतात. मोठं फाटक, त्याच्या डावीकडे चहाची टपरी, तिथे माणसं थांबतात. उद्याच्या बंदरावरही असंच असेल. ढब्याला मेसेज केला, फाटकाशी डाव्या हाताला उभा राहा. निळे दोन टिकमार्क आले. उत्तर नाही आलं, पण वाचलं ना त्याने.

संध्याकाळी वारा सुटला. सूप वाडग्यात एका बाजूला जाऊन बसत होतं. दंतवैद्यांची बायको म्हणाली, "काही नाही, समुद्र जरा कूस बदलतोय." जहाजावरचं इंटरनेट गेलं. माझं सगळं लक्ष उद्यावर.

५ मार्च, गुरुवार

पहाटे उठले तर हे आधीच तयार. दाढी केलेली, करड्या रंगाचा चांगला कोट, बूटसुद्धा घातलेले. पलंगाच्या कडेला शाळेच्या पहिल्या दिवसासारखे बसलेले.

"किती वाजता येणार तो?"

माझ्या हातातला कंगवा खाली पडला. कोण, म्हटलं.

"अगं, माझी छाती बेचाळीस. शेजारी कोणी अडतीसचा नाही. आणि गिऱ्हाइकाचा शर्ट तू कधी छातीशी धरून बसत नाहीस. मी प्रूफं तपासणारा माणूस आहे. महिनाभर गप्प बसलोय."

मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"तू मध्ये पडू नकोस, आधी मी बोलणार. ती पानं उलटी लागली ना, त्याच्या शेवटच्या प्रूफावर सही माझी होती. त्याची नाही. मी न बघता सही केली होती, डोळे दुखत होते त्या दिवशी. मालक समोर उभे होते. मी घाबरलो. जो हातात सापडला त्याच्यावर ढकललं. पोटच्या पोरावर."

सहा वर्षं. सहा वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन माझ्याशेजारी झोपला! मला इतका राग आला, इतका राग आला! आणि त्याच वेळी त्यांच्या कोटाची कॉलर मी नीट करत होते. हाताला सवय लागलेली, दुसरं काय.

"सांगेन त्याला," म्हणाले. "फाटकाशीच सांगेन. लोक असले तरी सांगेन. लोकांसमोरच बोललो होतो."

साडेसात वाजता कप्तानाचा आवाज आला, छताच्या जाळीतून. वाऱ्यामुळे बंदर काल संध्याकाळपासून बंद आहे. तेव्हापासून एकही जहाज आत घेतलेलं नाही. आमचंही जहाज रात्रीच वळवलं, आता आम्ही तिथून पुष्कळ लांब आहोत. आजचा दिवस समुद्रातच. गैरसोयीबद्दल दिलगिरी. दुपारी तळमजल्यावर जादूचे प्रयोग.

खिडकीतून पाहिलं. जमीन नाही. नुसतं करडं पाणी.

आणि मी सगळे शिष्टाचार गुंडाळून ठेवले. खाली मदतकक्षात गेले आणि ओरडले. मी! चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची बोलणी तोंडात सुया धरून ऐकणारी! काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "मॅडम, वाऱ्यापुढे कोणाचं चालत नाही." मी म्हणत होते, एक होडी द्या, आम्हाला दोघांनाच सोडा. रांगेतले लोक बघत होते. निदान एक निरोप तरी पाठवा, म्हटलं, माझा मुलगा तिथे उभा आहे! तिने सांगितलं, उपग्रहाची जोडणी बंद पडली आहे, तातडीच्या कामाखेरीज बाहेर काहीच जात नाही. मी म्हटलं, मग हे काय आहे?

हे मागून आले. माझा दंड धरला. "सातवं कलम," हळू म्हणाले, त्या मुलीला नाही, मला. वर परत आलो तरी कोट यांच्या अंगातच होता. दुपारपर्यंत काढला नाही.

जेवायला गेलो तेव्हा दंतवैद्यांच्या बायकोने काही शिकवलं नाही. माझ्या ताटलीत ब्रेडचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "खा ताई." त्यावर मात्र मला रडू फुटलं. सगळ्या टेबलांसमोर.

६ मार्च, शुक्रवार

अजून फोन बंद.

डोक्यात एकच. तो तिथे उभा राहिला असेल. आठ वाजले, नऊ वाजले. रजा टाकून आला असेल. एवढ्या वाऱ्यात! आपणच बोलावलं आणि आपणच गेलो नाही. कोणीतरी सांगितलं असेल ना त्याला, बंदरावर पाटी लावली असेल, फाटक बंद असेल. जाताक्षणी कळलं असेल, म्हणजे फार वेळ थांबावं लागलं नसेल. अशी स्वतःची समजूत घालते, पाच मिनिटं टिकते. त्याला वाटलं तर, की बाबांनी ऐन वेळी आईला उतरू दिलं नाही? तसंच वाटेल. दुसरं काय वाटणार?

यांच्याशी काल दिवसभर बोलले नाही. आज सकाळी विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मला सोडून त्याच्याकडे गेली असतीस." खरं आहे. गेले असते. तेही सांगितलं त्यांना. मान हलवली, "माहीत होतं मला."

मग दुपारभर डेकवर बसलो. चांगल्या जागच्या दोन खुर्च्यांवर कोणीतरी टॉवेल टाकून ठेवले होते. यांनी ते उचलले, नीट घड्या घालून कठड्याशी ठेवले आणि मला म्हणाले, बस. बसले. मग म्हणाले, त्याच्या गावाला गाडीनेही जाता येतं. मी चौकशी केली आहे, एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. कधी केलीत चौकशी? "चार वर्षांपूर्वी." या माणसाला धरून मारावं की याच्या गळ्यात पडून रडावं, कळत नाही. गाडीने मी एकटीही जाऊ शकले असते की. पण त्याने कधी "ये" म्हटलं नव्हतं, आणि मी बोलावल्याशिवाय जाऊन त्याला अडचणीत टाकायला भीत होते. जहाज बरं होतं. जाता जाता भेटलो, असं म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, परत गेल्यावर बघू. पण आधी त्याची माफी मागायला हवी, ताटकळत ठेवल्याची. काय लिहायचं ते पाठ करून ठेवलंय.

७ मार्च, शनिवार

किनारा दिसायला लागला, फोन सुरू झाला. ढब्याचा मेसेज, गुरुवारी दुपारी तीनचा.

"आई, आठपासून फाटकाशी उभा होतो. तुमचं जहाज समोरच लागलं होतं, माणसं उतरत होती, पण गर्दीत तू दिसलीच नाहीस. दोनपर्यंत थांबलो. पुढच्या वेळी नक्की भेटू."

तीनदा वाचला.

"काय म्हणतो?" यांनी विचारलं.

म्हटलं, दोनपर्यंत उभा होता.

"त्या वाऱ्यात?" म्हणाले, आणि तोंड झाकून रडायला लागले. मी मेसेज पुसून टाकला.