पहिल्या व्हायोलिनची खुर्ची

इचिकावा, जपान, १२ ऑक्टोबर

ती. सिंधूआत्यास,
ज्ञानदाचा सा. न. वि. वि.

पत्र कागदावरच हवे, ही तुमची आज्ञा पाळते आहे. प्रयोगशाळेबाहेर मी कुणाशी बोलत नाही, ही तक्रारही आता मिटावी. मोरिता-सानांच्या घरी आम्ही तिघे सतराव्या शतकातील एक इटालियन सोनाटा बसवत आहोत. दोन व्हायोलिनांनी एकमेकांशी बोलावे, खाली कुबो-सानांच्या चेलोने आधार द्यावा आणि मोरिता-सानांच्या हार्पसिकॉर्डने, म्हणजे पियानोच्या जुन्या भावंडाने, मधली पोकळी भरावी, अशी त्याची रचना आहे.

पहिले व्हायोलिन वाजवणाऱ्या फुमिको-सान, म्हणजे मोरिता-सानांच्या पत्नी, गेल्या वर्षी वारल्या. त्यांची खुर्ची मात्र अजून मांडली जाते. पुढ्यात त्यांच्या सपाताही. मी दुसरे व्हायोलिन वाजवते. रिकाम्या खुर्चीला साथ कशी करायची, हे विचारण्याचा संकोच वाटला; म्हणून तुम्ही गायकामागे शिकवलीत तशीच करते. कान पुढे, हात अर्धा श्वास मागे, आणि स्वतःचे काही उरवायचे नाही.

मितालीच्या फोनवर ध्वनिमुद्रण पाठवले आहे. रागावण्यापुरता तरी लोभ असू द्यावा.

आपली भाची,
ज्ञानदा

सांगली, २८ ऑक्टोबर

चि. ज्ञानदा हिस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मितालीने ऐकवले. तुझी मींड अजून ओल्या फरशीवरून घसरल्यासारखी; तिकडच्या सभ्य माणसांनी सोसली कशी? पहिले व्हायोलिन वाजवणारी बाई मात्र तयारीची. सरळ, कोरडा सूर, आणि प्रत्येक ओळीनंतर तुझ्यासाठी थांबते.

मग तुझे पत्र पुन्हा वाचले. मितालीला विचारले. तिलाही दोन व्हायोलिने ऐकू आली होती.

श्राद्धाला आपण पान वाढतो, तसा निरोपही देतो. तुमच्याकडे नुसतेच वाढणे चालले आहे. ती खुर्ची उचलायला सांग. साथीचा तो नियम जिवंत माणसांपुरता होता, बाळ.

तुझी काळजी करणारी,
सिंधूआत्या

इचिकावा, १४ नोव्हेंबर

ती. सिंधूआत्यास सा. न.

धीर करून खुर्चीविषयी बोलले. मोरिता-सान कमरेत वाकले आणि म्हणाले, "अजून थोडे दिवस. तुमच्यामुळे ती पुन्हा वाजवू लागली आहे." म्हणजे त्यांनाही ऐकू येते. सत्तरी उलटलेल्या माणसाला नाही म्हणणे मला साधले नाही.

परवा पाय गारठले, म्हणून फुमिको-सानांच्या सपाता घातल्या. अगदी मापाच्या निघाल्या. नवे ध्वनिमुद्रण पाठवते. मींड आता येत नाही. तुम्हाला बरे वाटेल.

ज्ञानदा

सांगली, ३० नोव्हेंबर

चि. ज्ञानदा,

ऐकले. दोन्ही व्हायोलिने सरळ, दोन्ही कोरडी. बारा वर्षे माझ्यासमोर वाजलेला हात मी अंधारातही ओळखेन. तो यात कुठेच नाही. खुर्ची राहू दे, तूच ऊठ. तिकीट मी काढते. फक्त उलट टपाली एक ओळ लिही: लहानपणी तू मला कोणत्या नावाने हाक मारायचीस?

आत्या

इचिकावा, १५ डिसेंबर

थंडी वाढली असून बागेतील कामेलियाला कळ्या आल्या आहेत. आपण कुशल असाल, अशी आशा करते.

आपण विचारलेले नाव मला ठाऊक नाही, याची क्षमा असावी. आपल्या भाचीने फार मनापासून साथ केली. स्वतःचे काहीही उरवले नाही. ह्यांची भूक परत आली आहे. संध्याकाळी आम्ही दोघे वाजवायला बसतो.

दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची रिकामी असते. तिच्यापुढे सपाता मांडण्याचा ह्यांना विसर पडत नाही.

आपला लोभ तिच्यावर होता, तसाच आमच्यावरही असावा.