गोदावरीकाकू, अज्ञात कलाकार

३ नोव्हेंबर, सोमवार

काकूंचा आवाज हरवला नाही, नाव बदलून बसला आहे — असं गंधाली म्हणते. सून माझी, नवा रायपूरला ऑफिसात जाते, तिला कळत असेल. मला एवढंच दिसतं की संगणकाच्या पडद्यावर भजनांच्या दोनशे बारा फाइली आहेत आणि एकीवरही गोदावरीकाकूंचं नाव नाही. व्हॉइस ००१, व्हॉइस ००२, व्हॉइस ००३ — रेशनच्या रांगेत उभं केल्यासारखं!

रायपूरच्या आमच्या मोहल्ल्यातलं, तात्यापाऱ्यातलं, भजनी मंडळ काकूंनी उभं केलं. आम्हाला एकेक ओळ त्यांनी म्हणून दाखवली, टाळ कसा धरायचा तेही. वैशाखात त्यांच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढलं. तेव्हापासून पाटी आणि पेन्सिल. आता तीस तारखेला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. काल आम्ही साऱ्या जणी विचारायला गेलो — काकू, शाल कोणत्या रंगाची आणू? त्यांनी पाटीवर लिहिलं, "शाल नोको. रामनवमीचा पाळणा लावा. मले माहा आवाज ऐकायचा हाय."

यंदाच्या रामनवमीला त्या शेवटच्या गायल्या. त्यानंतर नाही.

 मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळाच्या हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून रेकॉर्डिंगही माझ्याकडे. मी म्हटलं, होईल. रामाचं काम आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गंधालीने गाणी लावून ठेवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "मम्मी, ये अपने आप सब जमा देगा."

जमवलं! कलाकार — अज्ञात. अल्बम — अज्ञात. साल — १९७०. सत्तर साली मी दुसरीत होते, मंडळ कोणाच्या डोक्यातही नव्हतं. शैली — ब्लूज. "ब्लूज म्हणजे?" तर म्हणे, "दुख के गाने." सत्यनारायणाच्या आरतीत दुःख कसलं ग बाई!

देवीच्या आरतीला त्याने इंटरनेटवरून शोधून फोटोही लावला. सोनेरी केसांचा, उघड्या छातीचा कोणी गिटारवाला. मी आधी सवयीने हात जोडले. मग पडद्यावर टॉवेल टाकला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वर्णानुक्रमाने लावतं म्हणून आरती सगळ्यात वर! गणपती खाली, पसायदान मधे, आणि शेवटी बसला हनुमान. आरती होऊन गेल्यावर गणपतीला बोलावतात का कुठे?

मी अक्कल लढवली. प्रत्येक नावाआधी आकडा घातला. तर एकनंतर दहा, मग अकरा, बारा, आणि मग दोन! मॅट्रिकला गणितात मला बासष्ट होते. असे आकडे तेव्हा कोणी मोजत नव्हतं.

"मम्मी, आगे ज़ीरो लगाइए." लावला. शून्य पुढे बसल्यावर सारे आपापल्या जागी गेले. हे तेव्हा समोरच सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. 

९ नोव्हेंबर, रविवार

चित्राताई आल्या. मंडळात पेटी त्यांची. पडदा पाहिला आणि बसायच्या आधीच, "कलाकार म्हणून नुसतं गोदावरीबाई काहून, मीराताई? पेटी काय हवेनं वाजली?"

"पेटी हवेनंच वाजते, चित्राताई."

त्यांनी चहाचा कप परत सरकवला. शेवटी दहा गाण्यांवर लिहिलं, "गोदावरीबाई, पेटी — चित्राताई." सॉफ्टवेअरने तत्काळ एक नवीन गायिका काढली. या नावाची बाई त्याच्या मते वेगळी, तिचं घर वेगळं, तिची गाणी वेगळी. खाली सरकवून पाहिलं तर आधीच पाच गोदावऱ्या होत्या. गोदावरी. गोदावरीबाई. श्रीमती गोदावरीबाई. गोदावरी काकू, मधे जागा सोडून. गोदावरीकाकू, न सोडता. या पाचही जणी माझ्याच हाताच्या! रोज जशी थकेन तसं लिहीत गेले.

संध्याकाळी मंदाकिनीचा फोन. "चित्राचं नाव येते त माहं काहून नाही? टाळ का आपोआप वाजले?" जेवणं व्हायच्या आत मोबाइलवर मंडळाचे तीन ग्रुप झाले. जुनं मंडळ, मूळ मंडळ, आणि एकाचं नुसतं "जय श्रीराम", त्यात चित्राताई एकट्याच. पडद्यावर झालं तेच पाऱ्यात झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळीकडे एकच नाव केलं — गोदावरीबाई. आता दोघीही माझ्याशी सारख्याच बोलत नाहीत. म्हणजे न्याय झाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सालाच्या रकान्यात शके घातले होते. देवाचं गाणं, त्याला इंग्रजी साल कशाला? यंदाच्या रामनवमीला शके १९४७. गंधाली पोट धरून हसत आली, "मम्मी, काकी १९४७ में गा रही हैं! तीन साल की थीं!" सॉफ्टवेअरने त्या गाण्यांवर "आज़ादी के दौर के नग़मे" असा बोर्डही लावला होता. चिडून सालाचे सारे रकाने रिकामे करून टाकले. ज्याला शके कळत नाहीत त्याला काहीच मिळणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संपलं! दोनशे बारा गाणी ऐकली. कानात ते बोळे घालून पोळ्या लाटल्या, भाजी निवडली, दूध मात्र दोनदा उतू गेलं. प्रत्येक फाइलीला नाव दिलं. रामजन्माचा पाळणा चौदा वेळा निघाला, दर रामनवमीचा एक. चौदाही जागी तेच नाव, तीच गायिका, तोच अल्बम. दिवाळीत घासून फळीवर मांडलेल्या भांड्यांसारखं दिसतं आहे.

यंदाचा सापडला! चित्राताईंच्या फोनमधला, जेमतेम तीन मिनिटांचा. मधेच त्या कुजबुजतात, "बॅटरी चालली ना माय," त्यावरून ओळखला. शेवटच्या कडव्याआधी तुटतो. पण काय लागला आहे आवाज! हातातली परात खाली ठेवून उभी राहून ऐकला.

१५ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी

सॉफ्टवेअर आज शहाण्यासारखं वागलं. स्वतःहून विचारलं, "१९३ डुप्लीकेट मिले. हटाकर जगह बचाएँ?" एकाच वस्तूच्या एकशे त्र्याण्णव नकला! कोण ठेवेल घरात? हो म्हटलं. चार जीबी वाचले. चार!

एवढी जागा रिकामी ठेवून काय करायची? यांच्या पेनड्राइव्हमधली भागवताची प्रवचनं पूर्ण भरून घेतली. त्याआधी कोपऱ्यातली ती कचऱ्याची पेटी गच्च दिसली. दिवेलागणीला घरात कचरा ठेवू नये. रिकामी केली. मग देवाजवळ दिवा लावला. आज उपास सत्कारणी लागला.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोनशे बाराच्या एकोणीस झाल्या आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गंधालीने समजावलं. नाव तेच, गायिका तीच, अल्बम तोच, साल कोणतंच नाही. मग सॉफ्टवेअरला चौदा पाळणे म्हणजे एकच पाळणा. त्यातली सर्वात मोठी फाइल ठेवतं, बाकी कचऱ्यात. यंदाचा तीन मिनिटांचा. सर्वात लहान.

म्हणजे जोवर त्या व्हॉइस ००१, व्हॉइस ००२ होत्या, तोवर सुखरूप होत्या. मी नावं दिली आणि गेल्या.

पाळणा म्हणे तोच. चौदा वर्षं रोज वरण केलं मी, रोज तेच झालं का?

गोल बाज़ारातल्या दुरुस्तीवाल्याकडे संगणक रिक्षात घालून नेला. "दीदी, डिलीट हुआ तो निकल आता. पर आपने तो ऊपर से भर दिया." काय भरलं ते पाहिलं त्याने. "प्रवचन है," म्हणाला आणि प्रवचनासाठी म्हणून त्यानेही हात जोडले.

चित्राताईंकडे गेले, अबोला गिळून. मूळ त्यांच्या फोनमध्ये असेल ना? "तो फोन? दिवाळीत दिला की. जुन्या मोबाइलवर स्टीलचा टब देणारा येते ना, त्याले." टब दाखवला. चांगला जाड आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तीन माळा जप. मन लागलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काकूंना सांगून आले. फोनवर सांगता येत नाही, त्यांना उत्तर देता येत नाही. समोर बसून सगळं सांगितलं, कचऱ्याच्या पेटीचंही. काही लपवलं नाही.  त्यांनी पाटी ओढली. लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, "मंग जो हाय तो लाव."

माझ्याकडे पाहिलं नाही. चहा मात्र पिऊन जा म्हणून हाताने खुणावलं. 

२४ नोव्हेंबर, सोमवार

उरलेला पाळणा आज ऐकला. सव्वीस मिनिटांचा! एवढा मोठा पाळणा नसतो, म्हणून नीट लक्ष देऊन ऐकला. अकरा वर्षांपूर्वीचा आहे, सुंठवडा कोणी केला यावरून कळलं. पाळणा चारच मिनिटं. पुढची बावीस मिनिटं फोन बंद करायचा राहून गेला आहे.

आणि त्यात काकू बोलतात! बाकीच्या अठरांत गाणं संपलं की खट्, बंद. यात मात्र बोलतात, रागावतात. "शिऱ्यात तूप घालता का तुपाचा वास दाखवता?" आणि हसतात, खोकला येईपर्यंत. मी त्यांचं हसणं विसरले होते! सहा महिन्यांत विसरले. डोळे भरून आले माझे.

मग चित्राताईंचा आवाज. "काकू, पुढच्या वेळी मीराताईले समोर गायले बसवू का? लई इच्छा हाय तिची."

काकू — "नोको माय! तिले वही दे. वहीत डोकं गुंतलं का सूर लावाले सवड नाही भेटत. देवालेबी कान हायेत ना!"

मंदाकिनी म्हणते, "हव, हव!" आणि सगळ्या हसतात. मी नाही. मी तेव्हा आत चहा गाळत होते. पातेल्याचा आवाजही आला आहे रेकॉर्डिंगात, स्पष्ट.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी यांना सांगितलं होतं — मंडळाने विश्वासाने वही दिली. पेढे आणले होते. मी! पेढे!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकरा वर्षांच्या वह्या काढून पाहिल्या. एक पैसा चुकलेला नाही.

गंधालीला विचारून घेतलं, कापतात कसं. चार मिनिटांवर रेघ ओढायची, पुढचं निळं झालं की एक बटण. "बातें ही तो हैं मम्मी, काट दीजिए. लोग गाना सुनने आएँगे."

खरं आहे. जागाही वाचेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रेघ ओढली. निळं झालं. बटण दाबलं नाही. दूध उतू गेलं, उठावं लागलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला

महालक्ष्मीची पूजा मांडली. कहाणी वाचताना मुद्दाम मोठ्याने वाचली. हे आतून म्हणाले, "काय झालं?" काही नाही म्हटलं.

आपला आवाज कसा आहे हे कोणाला कळतं? मला आजवर चांगला वाटत होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नुसतं ते एक वाक्यही काढता येतं म्हणे. गंधालीने आज सांगितलं. आगेमागे जोडलं की कोणाला कळणारही नाही. चार दिवस आधी का सांगितलं नाही या पोट्टीने! माझ्या पेढ्यांची ती ओळ, तेवढीच काढायची. काकूंचं हसणं तर राहील.

ते हसणं मात्र त्याच वाक्यावरचं आहे. तिथेच सर्वात मोठ्याने हसल्या आहेत त्या.

३० नोव्हेंबर, रविवार

काकूंच्या सोहळ्यात पूर्ण सव्वीस मिनिटं लावली. काकू स्वतःच्या हसण्यावर हसल्या, आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी. मग ते वाक्य आलं. सारा हॉल माझ्याकडे वळला. चित्राताईंनी पदरात तोंड घातलं. मी उठले, वही त्यांच्या मांडीवर ठेवली, समोर जाऊन माइक ओढला आणि आरती सुरू केली. मीच. वरच्या पट्टीत. सगळी कडवी. काकू भराभर पाटीवर काहीतरी लिहून मला दाखवत होत्या, दोन्ही हातांनी उंच धरून. मी चष्मा काढून ठेवला होता.