पश्चिमेच्या भिंतीतलं सिमेंट

कोल्डवेल, ग्लॉस्टरशर
३ मार्च २००४

चि. ॲम्ब्रोसला हेस्टरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. पश्चिमेची भिंत तेवढी नाही. आतून ओल उतरतेय, बाहेर दगडाचे पापुद्रे सुटताहेत. टकर गवंडी पाहून गेला. म्हणाला, तीनशे वर्षं ही भिंत दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून श्वास घेत होती, कुण्या शहाण्यानं सिमेंट भरून तिचं नाक दाबलंय. ते खरवडून पुन्हा चुना भरला नाही, तर भिंत फुगून बाहेर येईल. शहाणा कोण, ते मी सांगितलं नाही.

घर दोघांचं आहे, म्हणून तुझा होकार हवा. संत्र्याचा मुरंबा पाठवतेय. मागच्या दोन बरण्या अजून तुझ्याकडेच आहेत. माया आहेच, ती वाढव.

हेस्टर

डरम, ९ मार्च

ती. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

होकार नाही. सत्तर साली बाबा पाय मोडून इस्पितळात होते, तेव्हा एकविसाव्या वर्षी मी एकट्यानं परांची बांधून ती भिंत सिमेंटनं भरली. जन्मभर चुना कालवलेला माणूस घरी आला, कुबड्यांवर उभा राहिला आणि 'छान' म्हणाला. पुन्हा कधी मला तसं म्हणाले नाहीत. टकरला म्हणावं, आधी धुराडं बघ.

मुरंबा उत्तम. रागावू नकोस, लोभ राहू दे.

ॲम्ब्रोस

कोल्डवेल, १६ मार्च

चि. ॲम्ब्रोसला आशीर्वाद. वि. वि.

धुराडं कोरडं ठणठणीत आहे. टकर म्हणतो, ओल पहिल्याच हिवाळ्यात आत आली असणार. त्याच हिवाळ्यात बाबांनी पश्चिमेची खोली सोडली आणि स्वयंपाकघरावरच्या खुराड्याएवढ्या खोलीत बिछाना नेला. कावळे झोपू देत नाहीत म्हणाले. अकरा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तिथेच झोपले. आपण मात्र कावळ्यांना शिव्या घालत बसलो.

मला राग नाही, वाईट वाटतं. तू म्हणशील तसं करीन. माया तीच.

हेस्टर

डरम, २० मार्च

ती. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

होकार आहे. शुक्रवारच्या गाडीनं येतो. टकरला सांग, सिमेंट मीच खरवडणार, त्यानं फक्त चुना भिजवून ठेवावा.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. कुणाचीही नवी भिंत असो, बाबा आधी तिच्यावरून तळहात फिरवायचे, मग बोलायचे. त्या दिवशी ते हात न लावताच 'छान' म्हणाले. मी ते तेव्हाच पाहिलं होतं.

लोभ उरला असेल, तर असू दे.

ॲम्ब्रोस